कॅन्सस, तालुका आष्टी

मनकर्णाबाईंच्या घरात त्या वर्षी एक भांडण कायमचं मुक्कामाला आलं होतं. भांडण भाऊबंदकीचं नव्हतं, शेजाऱ्यांचं नव्हतं. थेट अमेरिकेतलं होतं. तिकडच्या बँडांमध्ये सगळ्यात भारी कोण, यावरून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तिघं जण रोज एकमेकांच्या अंगावर जायचे.

मनकर्णाबाई अंबाजोगाईत सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. नोकरीची पस्तीसेक वर्षं झालेली, निवृत्तीला थोडी राहिलेली. नवरा, नवनाथ गुरुजी, चौसाळ्याच्या शाळेवर. ते आठवडाभर तिकडेच खोली करून राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. त्यामुळे घरात एरवी माय-लेकी दोघीच. लेक आम्रपाली ड्रम वाजवायची. तिच्या जोडीला गिटार घेऊन मनकर्णाबाईंच्या बहिणीचा मुलगा संजय आणि व्हायोलिन घेऊन संस्कृती. संस्कृती मनकर्णाबाईंच्या आष्टी तालुक्यातल्या माहेरगावची, तिथल्या मोठ्या घरातली. शिकायला अंबाजोगाईत राहिली होती. गावची म्हणून ती मनकर्णाबाईंना आत्या म्हणायची.

तिघांना वेड होतं अमेरिकन प्रोग्रेसिव्ह रॉकचं. हे काय प्रकरण आहे ते मनकर्णाबाईंना दोन वर्षं कळलं नाही. नाइट ड्यूटी करून सकाळी त्या घरी यायच्या, भाकरी खाऊन आडव्या व्हायच्या, आणि वरती धडाधड सुरू व्हायचं. गाणं सुरू झालं की संपायचं नावच घ्यायचं नाही. मध्येच तुटायचं, भलत्याच वाटेला लागायचं, हळू व्हायचं, आता संपलं म्हणेपर्यंत दुप्पट जोरात परत यायचं. एकदा त्या उशी घेऊनच जिन्यानं वर गेल्या.

"ह्याला गाणं म्हणत्यात का? मढं उठून बसंल."

"आई, एकदा मोजून बघ," आम्रपाली म्हणाली. "आपली नेहमीची गाणी चारात चालत्यात. हे सातात हाय. म्हणून तुला अडखळल्यासारखं वाटतंय."

"मला झोपायचं हाय, मोजायचं न्हाई," म्हणून त्या खाली आल्या. पण खाली आल्यावर झोप काही लागेना. डोळे मिटून पडल्या तर बोटं आपोआप पलंगाच्या कडेवर मोजायला लागली. सातापर्यंत सगळं सरळ, आणि आठवं येईल म्हणून वाट बघावी तर पहिलं आलेलं. दोन-चारदा चुकल्या. मग जमलं. जमल्यावर त्यांना एकटीलाच हसू आलं.

त्या दिवसापासून त्या वर जाऊन बसायला लागल्या. शेंगा फोडता फोडता ऐकायच्या. संजयचा जीव ड्रीम थिएटर ह्या बँडवर. त्यांच्यासारखी बोटं चालवायची तर रोज सहा तास बसावं लागतं, असं तो सांगायचा आणि स्वतः दोन तासही बसायचा नाही. आम्रपालीचा टूल नावाच्या बँडवर. तिचं म्हणणं, ह्यांचा ठेका वरून शांत वाटतो, पण आत विहिरीसारखा खोल असतो. एकदा संजयनं यादीत रशचं नाव घुसवलं.

"रश कॅनडाचा हाय," आम्रपालीनं तिथंच अडवलं.

"कॅनडा काय लांब हाय का? अमेरिकेला चिकटूनच हाय की."

"मग कर्नाटक बी महाराष्ट्रातच धर."

संस्कृतीचं मत ठरलेलं असायचं: कॅन्सस. कारण त्यांच्यात व्हायोलिन होतं, आणि ते कोपऱ्यात उभं राहून साथ करणारं नव्हतं, गिटारच्या बरोबरीनं पुढं येऊन बोलणारं होतं. मनकर्णाबाईंनी एके दिवशी आपलं मतही त्याच पारड्यात टाकलं.

"कावून, मावशी?" संजयनं विचारलं.

"ही लोकं कुठली?"

"कॅन्ससचीच. नावच राज्यावरनं घेतलंय. तिकडं सगळी गव्हाची शेती, सपाट रान."

"म्हंजी न्यूयॉर्कची न्हाईत. आपल्यासारखीच, आडबाजूची. तिथं बसून येवढं लांबलचक, येवढं अवघड वाजवायचं, आणि कुणाला बी भ्यायचं न्हाई. माझं मत त्यास्नी."

संजयनं कपाळाला हात लावला. संस्कृतीनं आत्याला मिठी मारली.

ह्याच मनकर्णाबाईंनी ड्रमला दोन वर्षं नाही म्हटलं होतं, हे संजयला आणि संस्कृतीला ठाऊक नव्हतं. नाही म्हणायला कारण होतं. त्यांचे वडील धुळाजी तरुणपणी गावची हलगी वाजवायचे. गावची म्हणजे गावाच्या हुकमाची. लग्न असो, मयत असो, जत्रा असो, निरोप आला की उठायचं, दारात उभं राहून वाजवायचं, आणि देतील ते पदरात घेऊन यायचं. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि धुळाजींनी हलगी खाली ठेवली ती ठेवलीच. गावानं त्यांच्या वस्तीला काम देणं बंद केलं. ते बायकोला घेऊन लांबच्या तलावाच्या कामावर खडी फोडायला गेले, पण परत हलगीला हात लावला नाही. पुढं घरात पोरांनी जेवणाच्या ताटावर नुसती बोटं वाजवली, तरी ते काही न बोलता ते ताट उचलून बाजूला ठेवायचे.

अशा घरात वाढलेल्या बाईला लेकीनं ड्रम मागितला, तेव्हा तिनं नाहीच म्हटलं.

"आपण वाजवायचं सोडलं म्हणून माणसात आलो," त्या आम्रपालीला म्हणाल्या होत्या. "तू पुन्हा त्याच वाटेला चाललीस."

सतरा वर्षांची आम्रपाली म्हणाली होती, "आजोबांनी वाजवायचं न्हाई सोडलं. हुकूम ऐकायचं सोडलं."

मनकर्णाबाईंना ते तेव्हा पटलं नाही. पण पोरीनं हट्ट सोडला नाही. शेवटी लातूरच्या एका बँडवाल्याचा जुना सेट घरी आला.

तिघांनी स्वतःची एक लांब रचना बांधली. तिचा ठेका सात सात करत चालायचा आणि मध्येच अर्धी मात्रा जास्तीची घ्यायचा, म्हणून बँडचं नाव पडलं साडेसात. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवली, अर्धी मुलं पळून गेली, अर्धी पुढं येऊन उभी राहिली. कुणीतरी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ फिरत फिरत आष्टीपर्यंत पोचला, आणि एके दुपारी मनकर्णाबाईंना फोन आला.

"मनकर्णे, मी विजयसिंह बोलतोय."

विजयसिंह म्हणजे संस्कृतीचे वडील. वय साठीच्या पुढं. गावातलं सगळ्यात मोठं घर, मोठी जमीन, जिल्हा परिषदेवर दोनदा निवडून गेलेले. गावात नवीन सांस्कृतिक सभागृह बांधलं होतं आणि उद्घाटनाला मुंबईहून एक मोठा पुढारी येणार होता.

"आपल्याच गावच्या पोरी हायेत. तिथं वाजवू देत की," ते म्हणाले. "फकस्त नाव बदला. साडेसात म्हंजी साडेसाती लागल्यागत वाटतंय."

"नाव पोरांनी ठेवलंय, दादासाहेब. ती बदलणार न्हाईत."

"बरं, ऱ्हाऊ द्या," ते हसले.

मनकर्णाबाईंचं मन होत नव्हतं. वडील गेल्यापासून त्या गावाकडं फिरकल्या नव्हत्या. पण संस्कृती दारात उभी राहून म्हणाली, "आत्या, बाबांनी मला कधीच वाजवताना ऐकलेलं न्हाई. एकदा बी न्हाई." त्या पोरीचा चेहरा बघून त्यांना नाही म्हणवेना. एकच अट घातली: अख्खी रचना वाजवायची, मध्ये कुणी थांबवायचं नाही. विजयसिंह फोनवर म्हणाले, "वाजवा की. काय वाजवायचं ते वाजवा."

रविवारी सकाळी भाड्याच्या क्रुझरमध्ये ड्रम गोधड्यांत गुंडाळून घातले आणि सगळे निघाले. नवनाथ गुरुजी त्या शनिवारी घरी न येता तिकडंच थांबले होते, ते चौसाळ्याला गाडीत चढले. वाटेत त्यांनी तीन-चारदा तरी सांगितलं, "गेलं की वाजवायचं आन निघायचं. कुणाच्या नादी लागायचं न्हाई."

सभागृहासमोर मांडव घातला होता. पुढं सोफे, मागं खुर्च्या. वस्तीतली माणसं कनातीच्या कडेला उभी होती. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसलं कुणीच नव्हतं. मनकर्णाबाई सरळ तिकडं गेल्या. त्यांची चुलती चंद्रभागाबाई, पाठीतून वाकलेली, त्यांचा हात धरून म्हणाली, "जय भीम गं बाई. कावून आलीस आज?"

"आमची आम्रपाली वाजवणार हाय, काकी."

म्हातारीचा चेहरा उतरला. "हलगी?"

"न्हाई. अमेरिकेचं वाजीवतीय ती."

"मग बरं," चंद्रभागाबाई म्हणाली. मनकर्णाबाईंनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. ते बघून वस्तीतल्या आणखी काही बाया येऊन बसल्या.

दुपारी चारच्या सुमाराला मुंबईचे पाहुणे गेटवर आल्याचा निरोप आला. तिघं स्टेजवर आपापल्या जागी होते. विजयसिंहांनी माइक हातात घेतला. गावाचं कौतुक केलं, सभागृहाचं केलं, लेकीचं केलं. मग ते आम्रपालीकडं वळले.

"ही ड्रमवर बसलेली पोरगी कुणाची, ते तरण्या पोरांना ठाऊक नसंल. आपल्या गावच्या धुळाजीची ही नात. आमच्या वडलांच्या, आबासाहेबांच्या लग्नात धुळाजीनं अशी हलगी वाजवली, की पंचक्रोशी अजून नाव काढतीय. ते रक्त कुठं जातंय? मधी खंड पडला होता. आज धुळाजीची नात पुन्हा आमच्या दारात वाजवणार हाय. परंपरा परत सुरू झाली, ह्याचा मला लई आनंद हाय."

पुढच्या सोफ्यांवरून टाळ्या पडल्या. विजयसिंहांच्या बोलण्यात कुठं राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना ते खरंच कौतुक वाटत होतं, आणि तेच मनकर्णाबाईंच्या कानशिलात जाऊन बसलं. पस्तीस वर्षं त्यांनी डॉक्टरांना सुनावलं होतं, दारू पिऊन वॉर्डात शिरलेल्या माणसांना दंडाला धरून बाहेर काढलं होतं. पण ह्या मांडवात त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. त्या एकदम दहा वर्षांच्या झाल्या.

"तर पाहुणे आता गेटवरनं स्टेजपतूर चालत येतील," विजयसिंह म्हणाले. "बेटा, दे हलगीचा ठेका. वाजवत घेऊन ये त्यांना."

आम्रपालीनं आईकडं बघितलं. मनकर्णाबाईंनी मान हलवली नाही, ना हो म्हणून ना नाही म्हणून. मग दोन्ही काठ्या ड्रमवर आडव्या ठेवल्या आणि हाताची घडी घातली.

पाहुणे चालायला लागले. गळ्यात हार, मागंपुढं माणसं. वाजत काहीच नव्हतं. मांडवात नुसते चपलांचे आवाज, कुणाचं तरी खोकणं, आणि लांब कुठंतरी एक ट्रॅक्टर. एवढी वाट चालायला त्यांना फार वेळ लागला असं सगळ्यांनाच वाटलं. स्टेजवर चढून ते अवघडून हसले.

"अगं, वाजव की," विजयसिंह दबक्या आवाजात म्हणाले, पण माइक चालूच होता.

आम्रपालीनं संजयपुढचा माइक ओढून घेतला. "हलगी मला येत न्हाई. आन कुणी चालत येतंय म्हणून मी वाजवत न्हाई."

मांडवात कुजबुज झाली. विजयसिंहांचा चेहरा बदलला. त्यांनी खुर्च्यांकडं बघून हाक मारली, "मनकर्णे, सांग तुझ्या पोरीला."

शेजारी बसलेल्या नवनाथ गुरुजींनी बायकोचा पदर धरला. मनकर्णाबाईंनी तो हळूच सोडवून घेतला आणि त्या स्टेजवर गेल्या. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. बोलल्या वॉर्डात बोलायच्या तशा, आवाज न चढवता, शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल असं.

"दादासाहेब, तुमी माझ्या वडलांचं नाव घेतलं, बरं वाटलं. पण अर्धंच सांगितलं. आबासाहेबांच्या लग्नात ते वाजवत होते, खरं हाय. न वाजवून चालत नव्हतं. पुढं तुमचं बारसं झालं. तुमच्या बारशाला बी त्यांना बोलावणं गेलतं. एकदा न्हाई, तीनदा गेलतं. ते आले न्हाईत. तुमच्या बारशाला ह्या गावात हलगी वाजली न्हाई. त्याच्यापाई आमच्या वस्तीनं काय सोसलं, ते ह्या चंद्रभागाबाई बसल्यात, त्यांना इचारा. आमच्या घरात परंपरा हाय, ती ही हाय. तिच्यात खंड पडलेला न्हाई. आन मला मनकर्णे म्हणू नका. दवाखान्यात मला सिस्टर म्हणत्यात, गावात ताई म्हणा."

टाळी कुणीच वाजवली नाही. पाहुणे मोबाइलमध्ये बघायला लागले.

"आता पोरं वाजवतील," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पाव्हण्यांसाठी न्हाई. त्यांना वाजवायचंय म्हणून. लांबलचक हाय आन अवघड हाय. ज्याला ऐकायचं त्यानं बसा."

त्या खाली उतरल्या नाहीत. स्टेजच्या पायरीवरच बसल्या.

आम्रपालीनं काठ्या उचलल्या. पहिल्या ठोक्यालाच पुढच्या रांगेतले दोघं दचकले. सात, सात, आणि मग ती जास्तीची अर्धी मात्रा. गिटार आलं, आणि त्याच्यावरून संस्कृतीचं व्हायोलिन निघालं, सपाट रानावरून वारा यावा तसं. गावातली पोरं नाचायला उठली, चार पावलं टाकून एकमेकांवर आदळली आणि हसत बाजूला झाली. विजयसिंहांनी लेकीला पहिल्यांदा ऐकलं. थोडा वेळ ते नुसते तिच्याकडं बघत राहिले. मग पाहुण्यांच्या माणसानं त्यांच्या कानात काही सांगितलं, आणि त्यांनी जनरेटरकडं हात केला.

स्पीकर बंद पडले. गिटारचा आवाज तिथंच मेला. पण ड्रमला वीज लागत नाही आणि व्हायोलिनलाही लागत नाही. आम्रपाली थांबली नाही. संस्कृतीनं बापाचा हात बघितला होता. ती स्टेजच्या अगदी कडेला आली आणि दुप्पट जोर लावून वाजवायला लागली. संजयनं गिटार खाली ठेवलं आणि कडेला बसून टाळ्यांनी ठेका धरला. वस्तीतल्या बायांनी त्याच्याबरोबर टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला. त्या सारख्या चुकत होत्या, एकमेकींना सांगत होत्या, पुन्हा चुकत होत्या. चंद्रभागाबाईला मात्र कुठून कोण जाणे, ती अर्धी मात्रा बरोबर सापडत होती.

"संस्कृती, गाडीत बस," विजयसिंह म्हणाले.

"संपल्यावर," ती गज न थांबवता म्हणाली.

रचना संपेपर्यंत सोफे रिकामे झाले होते. संपल्यावर तिनं व्हायोलिन पेटीत ठेवलं, आम्रपालीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सांगितल्याप्रमाणे जाऊन गाडीत बसली. आठवडाभर तिचा फोन लागला नाही.

ते दिवस मनकर्णाबाईंना जड गेले. बोललेल्या एकाही शब्दाचा पस्तावा नव्हता, पण आपल्या बोलण्याची किंमत त्या पोरीनं मोजली, हे डोक्यातून जात नव्हतं. तेवढ्यात कुणाकडून तरी निरोप आला, की विजयसिंहांनी वरती शब्द टाकलाय, सिस्टरांची बदली होणार.

"मी म्हणलं होतं," नवनाथ गुरुजी म्हणाले. "गडचिरोलीला टाकतील."

"टाकू देत. गडचिरोलीला बी सलाईन हातालाच लावत्यात."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी दाराची कडी वाजली. संस्कृती उभी होती, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात व्हायोलिनची पेटी.

"आईनं एसटीत बसवलं," ती म्हणाली. "बाबा बीडला गेले होते. आई म्हणाली, परीक्षा हाय ना, जा. आन पेटी तिनंच आणून हातात दिली."

तासाभरात विजयसिंहांचा फोन आला. मनकर्णाबाईंनी तो स्पीकरवर ठेवला.

"माझी लेक तिथं हाय?"

"हाय."

"तिला परत लावून दे."

"ती बावीस वर्षांची हाय, दादासाहेब. यायचं असंल तर येईल, तिला मीच गाडीत बसवीन. पण लावून देणार न्हाई. ह्या घरात तिचं ताट हाय."

"ती बरं वाजवतीय," विजयसिंह शेवटी म्हणाले, आणि फोन ठेवला. बदलीचं त्यांनी काही काढलं नाही. मनकर्णाबाईंनीही विचारलं नाही. बदली टांगती राहिली ती राहिलीच.

चौसाळ्याला साडेसातच्या पुढच्या कार्यक्रमासाठी एक मंगल कार्यालय ठरलं होतं. मालकानं आदल्या दिवशी नाही म्हणून कळवलं. का, ते सांगितलं नाही. संजयनं शिव्या घातल्या, आम्रपाली गच्चीवर जाऊन बसली. शनिवार म्हणून नवनाथ गुरुजी घरी आलेले होते. पायात चपला घालून ते गाडी पकडून चौसाळ्याला गेले आणि तिथल्या बुद्धविहाराच्या मंडळींपुढं जाऊन बसले. मंडळींनी विचारलं, "गुरुजी, हे नेमकं काय असतं?" गुरुजींना सांगता येईना. ते म्हणाले, "मला बी कळत न्हाई. पण पोरांना कुणी अडवावं, हे मला चालणार न्हाई." आयुष्यभर नादी लागू नका म्हणणारा माणूस एवढं बोलला, हे मंडळींनाच नवीन होतं. त्यांनी विहाराचं पटांगण दिलं.

रविवारी सकाळी सतरंज्या अंथरल्या. माणसं फार नव्हती. शाळेतली पोरं, रस्त्यावरचे चार दुकानदार, काही बाया, आणि बीडहून मोटारसायकलींवर आलेली पाच-सहा तरुण मंडळी, ज्यांच्या शर्टांवर अमेरिकन बँडांची नावं होती. ती येताक्षणी संजयशी भांडायलाच लागली, ड्रीम थिएटर मोठा की नाही यावरून. वायर जोडायची सोडून तो त्यांच्यात जाऊन उभा राहिला.

आम्रपालीनं काठ्या हातात घेतल्या, संस्कृतीनं गज ताणला. मनकर्णाबाई माइकपुढं आल्या.

"हे एकच गाणं हाय, आन ते एकवीस मिनिटांचं हाय," त्यांनी सांगितलं. "मधी हळू होतंय, तवा संपलं म्हणून टाळ्या वाजवू नका. ज्याला उठायचं असंल त्यानं आत्ताच उठा."

दोन दुकानदार उठले. बाकीचे बसून राहिले.